परसबाग : बुटकी मोरपंखी

दिवाळी आली की कुंड्यांवर गेरूचा हात फिरतो आणि "बाराही महिने हिरवे राहील असे एखादे लहानसे झाड सांगा," अशी मागणी माझ्याकडे होऊ लागते. विलायती बागांच्या चित्रांतली ठेंगणी सूचिपर्णी झाडे पाहून पुष्कळांना ती अंगणात हवीशी वाटतात. पण ती बहुतेक थंड मुलखातली. आमच्या मैंदर्गीत उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. तिथे त्यांच्यावर पैसे घालवू नयेत, हे मी स्पष्टच सांगतो.

मात्र त्याच कुळातली एक मुलगी आपल्याकडे सुखाने नांदते. ती मोरपंखी! मुले 'विद्या' म्हणून जिची पाने पुस्तकात जपतात, तीच ही. तिचे माहेर चीन. १७५३ साली लिनियसने तिला 'थुजा ओरिएंटॅलिस' म्हटले. आता शास्त्रज्ञ 'प्लॅटिक्लॅडस' म्हणतात. खवल्यांसारख्या बारीक पानांतून पाणी कमी उडते, म्हणून ती आपला उन्हाळा सोसते.

घेताना विचारून घ्यावे : रोप बियांचे की फांदीचे? बियांचे रोप पुढे चांगलेच उंच होऊ शकते. ठेंगणेपणाचा गुण खात्रीने टिकतो तो फांदीपासून केलेल्या रोपातच.

आपली काळी माती पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन्ही मुळांना घातक. म्हणून खड्ड्यात माती, मुरूम आणि कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात घालावे. आळ्यात ज्वारीचे काड पसरावे, म्हणजे ओल टिकते. पहिल्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांआड एक बादली पाणी पुरे. त्यासाठी भाजी धुतलेले पाणी चालते, साबणाचे मात्र नको. पाने धुरकट दिसू लागली तर लाल कोळी समजावा आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड धुवावे.

आतली जुनी पाने तपकिरी होऊन गळतात, त्याने घाबरू नये. पण कात्री जपून चालवा. गुलाब छाटला की फुटतो. मोरपंखी हिरवा भाग सोडून जुन्या लाकडापर्यंत कापली, तर तिथे पुन्हा पालवी सहसा येत नाही. वर्षानुवर्षे वाढवलेले झाड एका दुपारी कायमचे विद्रूप होते. शेंडे तेवढे खुडावेत.

या दिवाळीत लावलीत, तर चैत्राचे ऊन लागण्यापूर्वी ती मूळ धरील.