मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे धर्मबांधव

इतिहासाच्या तासाला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीवर मी दरवर्षी थोडे अधिक बोलतो. गेल्या वर्षी नववीतील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, किंग ख्रिस्ती धर्मोपदेशक होते आणि त्यांना विरोध करणारेही बायबल वाचणारेच होते. मग ख्रिस्ती लोकांचे किंगविषयी खरे मत कोणते?" तास संपत आला होता. मी दिलेले उत्तर अपुरे राहिले. स्मरणिकेच्या निमित्ताने ते पूर्ण करण्याचा हा प्रयत्न आहे.

किंग हयात असताना ख्रिस्ती समाजाचे त्यांच्याविषयी एकमत कधीच नव्हते. १२ एप्रिल १९६३ रोजी अलाबामा राज्यातील आठ श्वेतवर्णीय धर्मगुरूंनी, म्हणजे सात ख्रिस्ती आणि एका ज्यू धर्मगुरूने, एक निवेदन काढून बर्मिंगहॅममधील निदर्शने अविचारी व अवेळी असल्याचे म्हटले. ही मंडळी कडवी वंशद्वेष्टी नव्हती. न्यायालयात जा, वाटाघाटी करा, रस्त्यावर उतरू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. किंग यांनी तुरुंगातून, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर लिहायला सुरुवात करून, त्यांना जे उत्तर दिले ते आज जगभर अभ्यासले जाते. उघड शत्रूपेक्षा न्यायाआधी शांतता मागणारा सज्जन शेजारी त्यांना अधिक निराश करणारा वाटला होता.

विरोध केवळ गोऱ्यांकडून झाला असे मात्र नाही. 'नॅशनल बाप्टिस्ट कन्व्हेन्शन' या कृष्णवर्णीयांच्या मोठ्या धर्मसंघटनेचे अध्यक्ष जोसेफ जॅक्सन यांना कायदेभंगाचा मार्ग मान्य नव्हता. हा वाद इतका विकोपाला गेला की १९६१ साली संघटना फुटली आणि किंग यांच्या बाजूच्या मंडळींनी वेगळी संघटना स्थापन केली. किंग यांच्या हत्येनंतर शिकागोतील रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले, तेव्हा जॅक्सन यांच्या चर्चने आपला पत्ता बाजूच्या रस्त्यावरचा करून घेतला.

१९६५ साली सेल्माचा लढा चालू असताना व्हर्जिनियातील तरुण धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांनी प्रवचनात सांगितले की, धर्मोपदेशकाचे काम राजकारण नसून आत्म्यांचा उद्धार हे आहे. याच फॉलवेल यांनी पुढे १९७९ मध्ये 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना उभारली. त्याच सेल्मात कॅथलिक जोगिणी आणि अनेक पंथांचे पाद्री किंग यांच्याबरोबर चालले. जेम्स रीब हे गोरे धर्मोपदेशक तेथील मारहाणीत मृत्यू पावले आणि जोनाथन डॅनियल्स हा धर्मशास्त्राचा विद्यार्थी त्याच वर्षी अलाबामात गोळीला बळी पडला. बायबल दोन्ही बाजूंच्या हातात होते.

१९६६ मधील गॅलप संस्थेच्या पाहणीत सुमारे ६३ टक्के अमेरिकन लोकांचे किंग यांच्याविषयी प्रतिकूल मत होते. पुढे चित्र पालटले. १९८६ पासून त्यांच्या जयंतीनिमित्त राष्ट्रीय सुट्टी पाळली जाऊ लागली. गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८४५ साली वेगळ्या झालेल्या 'सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन'ने १९९५ मध्ये कृष्णवर्णीयांची माफी मागितली. १९९८ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीवर विसाव्या शतकातील हुतात्म्यांमध्ये त्यांचा पुतळा बसला. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकन काँग्रेससमोर त्यांचे नाव आदराने घेतले.

हा बदल स्वागतार्ह आहे. पण ज्या किंगला स्वीकारले गेले, तो बहुधा १९६३ च्या वॉशिंग्टनमधील भाषणाचा किंग आहे. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये व्हिएतनाम युद्धाचा धिक्कार करणारा, गरिबांची मोहीम उभारणारा आणि मेम्फिसमध्ये सफाई कामगारांच्या संपासाठी गेला असता ४ एप्रिल १९६८ रोजी मारला गेलेला किंग फार थोड्या प्रवचनांत भेटतो. काही सनातनी ख्रिस्ती त्यांच्या धर्मश्रद्धेवर आणि खासगी आयुष्यावर बोट ठेवतात. त्यांच्या प्रबंधात इतरांचे लेखन श्रेय न देता घेतल्याचे बोस्टन विद्यापीठाच्या समितीने १९९१ मध्ये मान्य केले, हेही खरे. इतिहासाच्या शिक्षकाने हे लपवू नये. परंतु या दोषांनी बर्मिंगहॅमच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

आपल्या दृष्टीने १९५६ हे वर्ष महत्त्वाचे आहे. मॉन्टगोमेरीत किंग यांच्या नेतृत्वाखाली बसवरील बहिष्कार चालू असतानाच १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी तो बहिष्कार यशस्वी होऊन संपला. किंग यांना आपल्या धर्मग्रंथात न्यायाचा आधार सापडला, म्हणून ते चर्चमध्ये राहून चर्चशी भांडले. बाबासाहेबांना जातीचे मूळच शास्त्रांत दिसले, म्हणून ते बाहेर पडले. मार्ग वेगळे, पण अन्यायापुढे तटस्थ राहणारा धर्म दोघांनीही मान्य केला नाही. याच किंग यांनी १९६७ साली व्हिएतनामी बौद्ध भिक्खू थिच न्हात हान्ह यांचे नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठी सुचवले होते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

ख्रिस्ती बांधवांना नावे ठेवून हा लेख इथे संपवता आला असता. पण तो प्रामाणिकपणा ठरला नसता. आपणही बाबासाहेबांचा सोयीचा भाग निवडत आहोत. हिंदू कोड बिलासाठी त्यांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, आणि आपल्याच घरांत बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. लग्न जमवताना पोटजात हळूच विचारली जाते. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे नाचणारा आपला तरुण दुसऱ्या दिवशी गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराकडे पाहतही नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. माझ्या स्वतःच्या आईने तिच्या वाट्याची जमीन मामांच्या नावे करून दिली, तेव्हा मी इतिहासात एम.ए. झालो होतो आणि गप्प बसलो होतो. बर्मिंगहॅमच्या त्या आठ सज्जनांविषयी शिकवताना मला तो दिवस आठवतो.

त्या विद्यार्थिनीला आता मी असे सांगेन: बाळ, एखाद्या समाजाचे आपल्या महापुरुषाविषयीचे खरे मत त्याच्या पुतळ्याजवळ समजत नाही. त्याने विचारलेला अवघड प्रश्न आपल्या घरी आला की तो समाज काय करतो, ते पाहावे. ख्रिस्ती समाजाला ही कसोटी लावताना ती स्वतःलाही लाव आणि तुझ्या शिक्षकांनाही लाव. या शाळेतून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही ती लावावी, एवढीच विनंती आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.