तात्या आला, लक्ष्याचं काय?

‘झपाटलेला २’ (२०१३) बद्दल दोन मतं कायम ऐकू येतात. विनोद बटबटीत आहे, आणि पहिल्याची सर नाही. दुसरं खरं आहे. पण त्याचं कारण पहिल्यात शोधलं जातं, आणि माझं भांडण तिथेच आहे.

मी झाडीपट्टीचा माणूस. दिवाळीनंतर धान निघालं की चंद्रपूर-गडचिरोलीत मंडई भरते, शंकरपट होतात आणि वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. नाटक रात्रभर चालतं. खलनायक कोण हे पोराटोरांनाही पहिल्याच प्रवेशात कळलेलं असतं. तरी माणसं चादर गुंडाळून बसून राहतात, ती बरीचशी कॉमेडीवाल्यासाठी. तो पडतो, मार खातो, इन्स्पेक्टरला भलतीच जबानी देतो. याला बटबटीत म्हणणाऱ्याने एकदा पहाटे तीनला गावभर लोकांना जागं ठेवून दाखवावं. परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती अशाच कामातून. (त्यांचं कौतुक करतानाही आपल्याला ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’ म्हणावं लागतं. असो.)

१९९३ च्या ‘झपाटलेला’त खून बाहुला करतो, हे आपल्याला माहीत असतं. पोलिसांना नसतं, म्हणून ते लक्ष्यावर संशय घेतात. म्हणजे गुन्ह्याचा एकमेव साक्षीदार असा विदूषक, ज्याचं कुणी ऐकत नाही. लक्ष्मीकांत बेर्डे डोळे विस्फारून, अडखळत खरं सांगत राहतो आणि आपण हसत राहतो. तो घाबरतो म्हणून ते रबरी बाहुलं भीतीदायक वाटतं. हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’ची कल्पना इथली झाली, ती या माणसामुळे.

वीस वर्षांनी तात्या विंचू लक्ष्याच्या मुलामागे लागतो, तेव्हा महेश जाधवला सगळं ठाऊक आहे. तपासातली गंमतच संपली. आता सगळा भार विनोदी नटावर यायला हवा होता. मकरंद अनासपुरे आहेत, पण घाबरण्याचं मुख्य काम नायकाकडे आहे आणि आदिनाथ कोठारे देखणा, धडधाकट नायक आहे. बाहुल्याला तो पुरून उरेल असंच वाटतं. राहिलेली जागा थ्रीडीने भरली. दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि रामदास पाध्येंचा बाहुला मात्र तसेच धारदार आहेत. तात्या तोंड उघडतो तेवढा वेळ सिनेमा जिवंत असतो, हे मान्यच करायला हवं.

म्हणजे कमी पडला तो धसमुसळा विनोदच. जास्त झाला नाही.

तिसऱ्या भागात लक्ष्मीकांतला कृत्रिम बुद्धिमत्तेने पडद्यावर आणण्याचा विचार महेश कोठारेंनी बोलून दाखवला आहे. म्हणजे थ्रीडीचीच चूक, अधिक खर्चात. चेहरा येईल, डोळेही विस्फारतील. पण लक्ष्या समोरच्याच्या वाक्यावर दचकायचा, आणि ते दचकणं त्या क्षणी त्याला सुचायचं. त्यापेक्षा कोठारेंनी डिसेंबरात एकदा वडशाला यावं. घाबरता येणारे नट इथे रोज रात्री काम करतात.