खोळीची किंमत आणि शिवणारीची मजुरी

पाण्याच्या बाटलीवर चढविण्याची, यंत्रावर भरतकाम केलेली कापडी खोळ हा या पानाचा विषय होऊ शकतो काय, असे कोणी विचारील. वर्धा जिल्ह्यापुरते तरी त्याचे उत्तर होकारार्थी द्यावे लागेल. येथे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. जीपच्या बाजूस लटकणारी कॅनव्हासची छागल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या वस्तूचे शास्त्र निराळे सांगावयास नको. ओल्या कापडातले पाणी उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. स्टीलच्या साध्या बाटलीवर खादीची भिजविलेली खोळ हेच काम करते; फोमचा थर असलेल्या कृत्रिम कापडाच्या खोळीस ते साधत नाही.

ती शिवणे मात्र दिसते तितके सोपे नाही. भरतकाम आधी आणि शिवण नंतर, हा क्रम चुकला की कापड वाया गेलेच, कारण नळीसारखी शिवून झालेली खोळ फ्रेममध्ये ताणता येत नाही. पायमशीनवर काम करणारी स्त्री फूट काढते, कापड सरकविणारे दाते निकामी करते आणि फ्रेम दोन्ही हातांनी फिरवीत सुईखाली वेल उमटविते. नंतर बुडाचा गोल तुकडा जोडावयाचा, आणि खरे कसब तेथे लागते.

वर्ध्याच्या भूमीत यंत्राची भलावण कशी, हा आक्षेप अपेक्षितच आहे. परंतु 1924 साली जी. रामचंद्रन यांच्याशी बोलताना गांधीजींनी शिवणयंत्राला स्पष्ट अपवाद केला होता, हे आक्षेपक विसरतात. शिवाय याच गांधीजींनी 1935 मध्ये, खादी महागली तरी चालेल पण कातणारीला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, असा आग्रह चरखा संघाकडे धरला. यंत्र की हात, या वादापेक्षा मजुरीचा हा प्रश्न अधिक मूलगामी होता आणि आजही आहे.

पंतप्रधान विश्वकर्मा योजनेचा पहिला वर्धापन सोहळा 20 सप्टेंबर 2024 रोजी वर्ध्यातच झाला. योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. हे स्वागतार्ह आहे. पण यंत्र घरी आले म्हणजे उत्पन्न आले, असे मानणे हा अर्थशास्त्रातील भाबडेपणा होय. समजा, एका खोळीस दीड तास लागतो आणि नगामागे वीस रुपये मिळतात. आठ तासांत पाच नग, म्हणजे शंभर रुपये. त्यातून दोरा, सुई, तेल आणि नापसंत ठरलेला नग वजा करावयाचा. कर्जाचा हप्ता कशातून फेडावयाचा? 1948 च्या किमान वेतन कायद्याने काम घरी नेणाऱ्यालाही कामगाराच्या व्याख्येत घेतले होते; परंतु घरच्या ओसरीवर किती तास गेले, याची नोंद कोण ठेवतो?

समारंभात नारळ-शाल देण्याऐवजी अशा खोळी भेट देण्याची टूम आता महाविद्यालयांत आणि कार्यालयांत निघू लागली, तर ती चांगलीच म्हणावी लागेल. मात्र मागणीपत्रावर नगाच्या किमतीबरोबर शिवणारीची मजुरी निराळ्या रकान्यात लिहिली जावी, आणि ती एका नगास लागणारा वेळ घड्याळ लावून मोजूनच ठरावी. बचत गटांनी हा रकाना रिकामा असलेली मागणी परत पाठवावी.