मधुमेह, रेशनचा तांदूळ आणि आपले ताट

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेह होता. अखेरच्या वर्षांत पायांच्या वेदनांनी आणि मंदावलेल्या दृष्टीने त्यांना जर्जर केले. १५ एप्रिल १९४८ रोजी विवाह झाल्यानंतर स्वतः डॉक्टर असलेल्या माईसाहेबांनी त्यांच्या औषधपाण्याची आणि पथ्याची जबाबदारी घेतली. दरवर्षी ६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर नतमस्तक होतो. परंतु ज्या आजाराने बाबासाहेबांचे शरीर पोखरले, तोच आज आपल्या वस्त्यांत शिरला आहे आणि त्याबद्दल आपण बोलत नाही.

मधुमेह म्हणजे बसून खाणाऱ्या शेठजींचा आजार, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी कामगार यातून सुटेल कसा? पाळी बदलली की जेवणाची वेळ बदलते. रात्रपाळीत पोटाला आधार म्हणजे साखरेचा चहा, बिस्किटे आणि वडापाव. घरी परतल्यावर ताटभर भात आणि पातळ वरण. वजन वाढते ते पोटावर. हातपाय काटकुळेच राहतात.

याचे मूळ भुकेत आहे. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत १९९२-९३ साली कुपोषणाने बालके दगावली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवून दिले, की आपल्याकडची कमी वजनाची बाळे दिसायला रोड असली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते आणि पुढे त्यांना मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणजे ज्या आईला पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी ठेवले गेले, तिच्या लेकराला चार घास पोटभर मिळू लागताच हा आजार गाठू पाहतो. हा त्या लेकराच्या खादाडपणाचा दोष आहे काय?

अशा माणसाला सल्ला कोणता मिळतो? ओट्स खा, ऑलिव्ह तेल वापरा, बदाम-अक्रोड खा. वर पुन्हा 'मांस-मच्छी सोडा, सात्त्विक आहार घ्या' हा उपदेश! हे वैद्यकशास्त्र नव्हे, हे सोवळे आहे. त्याच परिषदेच्या २०२५ सालच्या अभ्यासानुसार भारतीयांना सुमारे ६२ टक्के ऊर्जा भात, पोळी, साखर अशा पिष्टमय पदार्थांतून मिळते. प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. पिष्टाचा थोडा वाटा कमी करून त्या जागी डाळी, दूध, अंडी, मासे यांतली प्रथिने घेतली, तर मधुमेहाचा धोका घटतो, असे या अभ्यासात दिसले. लाल मांसाबाबत तसे दिसले नाही; तेव्हा रोज मटणावर ताव मारण्याचा हा परवाना नव्हे. शिवाय भात सोडून तेवढ्याच नाचणीच्या भाकऱ्या खाल्ल्यानेही भागत नाही. एकूण पिष्ट कमी झाले पाहिजे.

मग आपले ताट कसे असावे? भात एक वाटी. त्यासोबत वालाची किंवा कुळथाची उसळ, उकडलेले अंडे, नाहीतर जवळा-बोंबील. सुकी मासळी भिजवून, धुऊन मीठ कमी करावे आणि तळू नये. शेवग्याचा, टाकळ्याचा पाला भरपूर खावा. चहा बिनसाखरेचा, गुळाचा चहा हीही पळवाटच. ताडी-दारू बंद. मात्र इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता उपास करू नये, की जेवण एकदम घटवू नये. साखर अचानक उतरणे जिवावर बेतू शकते.

संयुत्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची कथा आहे. तो अति खाई आणि धापा टाकी. भगवान बुद्धांनी त्याला मात्रा राखून जेवण्याचा उपदेश केला. राजाने एका तरुणाला ते वचन रोज जेवताना म्हणायला सांगितले, भात हळूहळू कमी केला आणि त्याचे अंग हलके झाले. पण राजाचे ताट भरलेले होते. आपल्या कामगाराने भात कमी केला, तर त्या जागी घालायचे काय?

हा प्रश्न सरकारला आणि कारखानदारांना विचारला पाहिजे. रेशनवर मोफत मिळतो तो मुख्यतः तांदूळ आणि गहू. डाळ बाजारभावाने आणावी लागते. शाळेत आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ साली घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधीच थांबवला! १९४८ च्या कारखाना कायद्यात २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यासाठी कॅन्टीनची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ही मर्यादा कंत्राटी कामगार धरून १०० वर आली आहे. तारापुरात किती कारखाने ती पाळतात, याचा जाब संघटनांनी विचारावा. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री राहिलेल्या बाबासाहेबांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांचे हे कामच आहे.

आणि काही आपल्याच हाती आहे. तिशी ओलांडलेल्यांची मधुमेह तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. प्रत्येक बुद्धविहाराने वस्तीतल्या बायाबापड्यांना तिथे घेऊन जावे. येत्या १४ एप्रिलला बुंदी-जिलेबीऐवजी उकडलेले चणे आणि अंडी वाटावीत. डाळ रेशनवर आणि अंडे शाळेत मिळावे, या मागणीचे निवेदन त्याच दिवशी सह्या घेऊन पालघरला जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडावे.