तयार वाक्यांची नोकरी

साहित्याच्या चर्चासत्रांत व्हिडिओ गेमचा विषय निघाला की दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. एक, 'हे साहित्य नव्हे'. दुसरी उत्साही मंडळींची, 'इथे वाचकच लेखक होतो'. आम्हांला पहिलीपेक्षा दुसरी अधिक घातक वाटते.

'टेक सपोर्ट : एरर अननोन' हा ड्रॅगन स्लंबरचा खेळ २०१९ साली आला. समोर दिसतो तो एका संगणकाचाच पडदा. आपण क्वासार नावाच्या बलाढ्य कंपनीत तांत्रिक साहाय्यक. चॅटच्या खिडकीत ग्राहकांच्या तक्रारी येत राहतात. फोन का चालत नाही ते विचारायचे, उपाय सांगायचा, तक्रार बंद करायची. पुढे इंडिगो हा हॅकरांचा गट संपर्क साधतो, आणि कंपनीशी इमान राखावे की या गटाशी संधान बांधावे, असे फाटे फुटतात. शेवट अनेक आहेत, आणि उत्साही मंडळींची सारी भिस्त या अनेक शेवटांवर.

आम्ही बोट ठेवतो ते वाक्यांवर. या खेळात आपण दिलेले एकही उत्तर आपले नसते. ग्राहक चिडो, रडकुंडीला येवो, आपल्या तोंडी येणार ते कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले. वाचक इथे लेखक होत नाही, नोकर होतो. ही खेळाची मर्यादा नव्हे, हाच त्याचा आशय, कारण ही नोकरीच तशी. आशय आणि रूपबंध यांच्या अद्वैतावर वर्षानुवर्षे प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना हे दिसू नये, याचे नवल वाटते.

त्याच वर्षी झॅकट्रॉनिक्सचा 'एलायझा' आला. त्यातली एव्हलिन समुपदेशनासाठी आलेल्यांना संगणकाने पुरवलेली वाक्ये वाचून दाखवते. तिथे या प्रश्नाचा खल उघडपणे होतो. 'टेक सपोर्ट'मध्ये खल फारसा नाही, काम आहे. म्हणूनच तो आम्हांला अधिक बोचतो.

पण आमचे भांडण खेळाशीही आहे. सारा व्यवहार टंकलेला, त्यामुळे त्यात आवाज नाही. पुण्यात, गुरगावात, बंगळुरात कॉल सेंटरच्या रात्रपाळ्या केलेल्यांचा आवाज हाच तर कच्चा माल होता. उच्चार घासूनपुसून घेतले जात, परदेशी ग्राहकासाठी समीरचा सॅम होई. तो समीर या चॅटच्या खिडकीत कुठेच नाही, आणि तांत्रिक साहाय्याची गोष्ट त्याच्यावाचून अर्धीच राहते.

दुसरे असे की खेळ कंटाळ्याला घाबरतो. तीच तक्रार पुनःपुन्हा सोडवण्यातला जो शीण, तो खरा विषय. पण तो जरा कुठे अंगात भिनू लागतो तोच कटकारस्थान दार ठोठावते. चेतन भगत यांच्या 'वन नाइट ॲट द कॉल सेंटर'मध्ये (२००५) देवाचा फोन येतो, इथे हॅकरांचा निरोप. कामाच्या गोष्टीला कामाबाहेरून सुटका शोधावी लागते ती अशी.

तूर्त आमची मागणी लहान आहे. या खेळाचा पहिला तासभर वर्गात पडद्यावर लावावा. विद्यार्थ्यांना शेवटाबद्दल काहीही विचारू नये. ग्राहकाला काय लिहावेसे वाटले होते आणि यादीत काय सापडले, एवढेच विचारावे.