शिकायचं ते हाताखालच्यांनीच?

कार्यालयातल्या प्रशिक्षणाचा आपल्याकडे ठरलेला रिवाज आहे. साहेब दीपप्रज्वलन करतात, सतत शिकण्याचं महत्त्व सांगतात आणि मीटिंगचं निमित्त काढून निघून जातात. शिकायला उरतात हाताखालचे. पद मिळालं की शिकणं संपलं, असं मानणाऱ्यांनी चिपळूण तालुक्यातल्या पोफळीची गोष्ट समजून घ्यावी.

सह्याद्रीच्या पोटातल्या इथल्या वीजगृहाला घाटमाथ्यावरच्या कोयना धरणाचं पाणी मिळतं. त्या धरणाच्या संकल्पनात भूकंपाचा गुणांक ०.०५, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या ०.०५ पट धक्का, धरला होता. दख्खनचं पठार स्थिर, हे तेव्हाचं सर्वमान्य ज्ञान. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे झालेल्या भूकंपाने ते खोटं ठरवलं. धरणावरच्या यंत्राने गुरुत्वीय त्वरणाच्या जवळपास निम्मा धक्का नोंदवला. धरण टिकलं, पण त्याच्या उंच खंडांना तडे गेले, पोफळीची वीजनिर्मिती थांबली. पुढे तडे बुजवून त्या खंडांना मागून काँक्रीटचे टेकू दिले गेले. १९७०मध्ये देशाचा भूकंपक्षेत्रांचा नकाशाच बदलला आणि ‘शून्य’, म्हणजे धोका नसलेलं, क्षेत्र त्यातून गेलं.

हे शिकणं मोठं, पण ते भूकंपाने भाग पाडलेलं होतं. ठेच लागल्यावर कुणीही खाली बघतो. नेतृत्वाची परीक्षा ठेच लागण्याआधी असते, आणि ती कोयना प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यात झाली. नव्या वीजगृहासाठी धरणाच्या शिवसागर जलाशयातून पाणी घ्यायचं होतं, तेही जलाशय रिकामा न करता. नॉर्वेत रुळलेलं तंत्र इथे आणायचं ठरलं: तळाखालपर्यंत बोगदा खोदायचा, शेवटी खडकाचं बूच राखायचं आणि ते स्फोटाने उडवायचं. धरणं-बोगद्यांचा दांडगा अनुभव असलेल्या खात्याने परक्या देशाचं तंत्र नवशिक्यासारखं शिकून घेतलं. १३ मार्च १९९९ला पहिला स्फोट यशस्वी झाला, २५ एप्रिल २०१२ला दुसरा.

अनुभव इथे कुणी टाकून दिला नाही. फक्त तो पुरेसा आहे असं कुणी धरून चाललं नाही. वरिष्ठांना जड जातं ते एवढंच. म्हणून त्यांच्या वार्षिक मूल्यमापनात, किती कार्यशाळा केल्या हा रकाना खोडून, एक प्रश्न घालावा: स्वतः मंजूर केलेला कोणता निर्णय, कुणी भाग पाडलेलं नसताना, तुम्ही यंदा बदललात? उत्तर सलग दोन वर्षं कोरं राहिलं, तर बढतीची फाइल थांबवायला हरकत नाही.