तीन जागा, पण आवाज कुणाचा?

अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू आहे. त्याच्या कलम ९७ नुसार महाविद्यालय विकास समितीवर तीन शिक्षक निवडून येतात. त्यांत एक महिला हवीच. समितीने वर्षातून किमान चार बैठका घ्यायच्या, अंदाजपत्रक तयार करायचे आणि मंजुरीसाठी व्यवस्थापनाकडे पाठवायचे. म्हणजे अध्यक्ष संस्थाचालकांचा आणि शिक्काही त्यांचाच!

त्यातही मतदार फक्त पूर्णवेळ शिक्षक. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकाला मतच नाही. ही कसली लोकशाही? त्यांच्यासाठी एक निवडून द्यायची जागा ठेवून शासनाने कलम ९७ दुरुस्त करावे, ही आमची मागणी आहे. तोवर शिक्षक बंधू-भगिनींनो, अनुदानित महाविद्यालयांतील बैठकांचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागा. कायदा कागदावर झोपतो. त्याला आपणच जागे केले पाहिजे.